आग्रह

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर आमच्या घरी फराळाची पंगत बसे आणि माझे वडील वाढायला उभे राहत. वाढणे ही त्यांची हौस होती. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला, तर त्याच्या मनगटाशेजारून ते नेमकी एक करंजी सरकवीत आणि "एवढी माझ्याकडून" असे म्हणत पुढच्या पानाकडे वळत. ज्याने "नको" म्हटले त्याला पुन्हा विचारायचे, आणि ज्याला हवे आहे त्यानेही एकदा तरी "नको" म्हणायचे, ही आपल्याकडची रीत आहे. पंगतीतल्या "नको"चा अर्थ पुष्कळदा "आणखी एकदा म्हणा" असाच असतो. त्यामुळे आग्रह हा आपण प्रेमाचा एक प्रकार मानतो, आणि त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे आपल्या मनातही येत नाही.

पण "नको" म्हणणाऱ्याला खरोखरच नको असेल तर? आणि तेही एका पंगतीपुरते नव्हे, महिनोन् महिने नको असेल तर? अशा माणसाच्या ताटात हात घालण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? की ती त्याची इच्छा म्हणून आपण गप्प बसावे? हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

मी तालुक्याच्या गावी एका शाळेत चित्रकला शिकवते. माझे शिक्षण मॅट्रिक आणि त्यानंतरची चित्रकलेची पदविका, एवढेच. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. वैद्यकावर अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही, हे आधीच सांगून टाकते. जे पाहिले, आणि पाहिल्यावर हळहळून जे वाचले, विचारले, तेवढेच येथे मांडणार आहे.

ती मुलगी तेव्हा आठवीत होती. अभ्यासात पहिली, अक्षर मोत्यासारखे, वहीच्या कडा कधी दुमडलेल्या नाहीत. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी मुलींचे पोशाख बेतण्याचे काम माझ्याकडे होते. तिच्या कमरेला पट्टा बसेना, तेव्हा मी हसत म्हटले, "बाईसाहेब, यंदा फराळ जरा जास्तच झालेला दिसतो!" सगळ्या मुली हसल्या. तीही हसली. पुढच्या वर्षी नववीच्या वर्गात ती शिरली ती अंगाने अर्धी होऊन. मला कौतुक वाटले. चाळीस मुलांसमोर मी म्हणाले, "वा! आता कशी चित्रासारखी दिसतेस!"

हे वाक्य मी आजवर बऱ्याच वेळा मनात परत घेतले आहे. परंतु बोललेला शब्द परत घेण्याची सोय नाही.

मार्च महिन्यातल्या उन्हात ती स्वेटर घालून येऊ लागली. डबा भरलेला आणी आणि मैत्रिणींत वाटून टाकी. गंमत अशी, की घरी स्वयंपाकाचा तिला भारी नाद लागला होता. पाककृती उतरून घ्यायच्या, सगळ्यांना करून वाढायचे आणि स्वतः मात्र शिवायचे नाही. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती उभ्याउभ्या कोसळली. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्याकडे आली. "बाई, तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा ना तिला खायला," असे म्हणून डोळ्यांना पदर लावून बसली.

घरात सर्व उपाय झाले होते. आईने शपथा घातल्या, दृष्ट काढली, नवस बोलला. वडिलांनी आधी समजावले, मग रागे भरले, एकदा हातही उगारला आणि नंतर स्वतःच ओसरीवर जाऊन रडले. आजीचे मत मात्र ठाम होते. "बहात्तर साली आम्ही सुकडीवर दिवस काढले, मिलोच्या लाल भाकरी गिळल्या. आन् हिला दूधभात नको! ह्याला माज म्हणत्यात, दुसरं काय न्हाई."

आजीचा राग मला परका वाटला नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्या घरात अजून जिवंत आहे, तिथे भरल्या ताटाला पाठ फिरवणे हे पापच वाटणार. ज्या देशात अजूनही अनेकांना पोटभर मिळत नाही, तिथे न खाणाऱ्यांच्या आजाराविषयी लिहावे तरी कसे, असा संकोच मलाही वाटतो. पण आजार आपला संकोच पाहून थांबत नाही.

हा आजार नव्या जमान्याचा, मोबाइलचा आणि सिनेमाचा, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. १८७३ साली पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल अशा दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा मुलींची वर्णने लिहिली. लासेगने घरच्या माणसांविषयी एक मार्मिक गोष्ट नोंदली आहे. घरच्यांपाशी दोनच उपाय असतात, विनवणी आणि धमकी, आणि ती दोन्ही संपेपर्यंत वापरतात. ताट जितके पक्वान्नांनी भरते, तितकी भूक मागे हटते. हे वाचताना त्या मुलीच्या घराची ओसरी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. दीडशे वर्षांत आणि इतक्या अंतरावर माणसाची माया काही बदललेली नाही, आणि तिची हतबलताही.

गलचे मत असे होते, की अशा रोग्याची शुश्रूषा करायला नातेवाईक आणि स्नेही हे बहुधा सर्वांत वाईट. त्यांना दूर ठेवावे आणि परक्या, धीराच्या माणसांनी ठरल्या वेळी अन्न द्यावे. पुढे पुष्कळ वर्षे घरच्यांना दोषीच धरण्यात आले. हा तर्क कुठे चुकला, ते पुढे सांगते.

आपल्या समाजात या आजाराला आणखी एक आडोसा मिळतो, तो उपवासाचा. न खाणारी मुलगी आपल्याला आधी गुणीच वाटते. ती मुलगीही आधी सोमवार धरी, मग गुरुवार, मग चतुर्थी, आणि शेजारणी तिचे कौतुक करीत. उपवासाला मी नावे ठेवीत नाही. माझी आई जन्मभर एकादशी करीत आली. पण आईच्या एकादशीला द्वादशीचे पारणे होते. सकाळी वरणभाताचा पहिला घास घेताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मला अजून आठवते. ज्याला सोडता येतो तो उपवास. या मुलीच्या उपवासाला पारणे नव्हते. सोडायची वेळ आली की तिला घाम फुटे. व्रत आणि आजार यांत फरक कसा करावा, असे मला कोणी विचारले, तर मी एवढीच खूण सांगेन.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या एका सुशिक्षित मैत्रिणीने मला सुनावले, "तिचे शरीर आहे, तिची इच्छा आहे. तुम्ही कोण सक्ती करणारे?" या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. बायकांच्या शरीरावर इतरांनी इतका हक्क गाजवला आहे, की आणखी एक सक्ती म्हटली की मलाही नको वाटते. पण "नको" म्हणणारे तोंड तिचे असले, तरी ती इच्छा खरोखर तिचीच होती काय?

या बाबतीत एका जुन्या प्रयोगाने माझे डोळे उघडले. दुसरे महायुद्ध संपत आले असता, युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार देणारे, निरोगी आणि स्वतःहून पुढे आलेले होते. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले, हे अपेक्षितच होते. पण मनाचे जे झाले ते विलक्षण होते. ते उदास झाले, चिडखोर झाले, माणसांत मिसळेनासे झाले. एकेक घास बराच वेळ चघळत बसत. पाककृतींची पुस्तके जमवीत. अन्नावाचून त्यांना दुसरा विषय सुचेना. प्रयोगाचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला.

या तरुणांना बारीक व्हायचे नव्हते. त्यांना कोणी आरशापुढे उभे करून हसले नव्हते. तरीही त्यांच्यात त्या मुलीच्या कितीतरी खुणा उमटल्या, कारण उपासमार मनालाही लागते. म्हणजे मन आजारी म्हणून पोट उपाशी, आणि पोट उपाशी म्हणून मन अधिक आजारी, असा हा फेरा आहे. त्यात सापडलेल्या माणसाच्या "नको"ला स्वतंत्र इच्छा म्हणून मान देणे म्हणजे तापात बरळणाऱ्याचे मृत्युपत्र खरे मानण्यासारखे आहे.

येथपर्यंत विचार आला की वाटते, मग सक्तीच बरी. पण तेही खरे नाही. १९४५ साली छळछावण्यांतून सुटलेल्या कित्येक हाडांच्या सापळ्यांना दयेपोटी भरपूर अन्न देण्यात आले आणि त्या अन्नानेच ते दगावले. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेले, तर रक्तातला फॉस्फेटसारखा क्षार झपाट्याने खाली येतो आणि हृदय दगा देते. केवळ मायेने वाढलेले ताटही जीव घेऊ शकते, हे मला पन्नाशीकडे झुकताना कळले.

त्या मुलीला प्रथम ज्या ठिकाणी नेले, तिथे दोन माणसे होती आणि दोघेही आपापल्या कामात हुशार होते. आहार सांगणाऱ्याने छापील तक्ता दिला. मनाचे उपचार करणारे दर आठवड्याला तासभर बोलत. आहारवाल्याला वाटे, आधी मन ताळ्यावर यावे. मनवाल्यांना वाटे, आधी अंगात थोडे रक्त यावे. दोघे एकमेकांची वाट पाहत राहिले आणि मुलगी खंगत गेली. शिवाय ती इकडे सांगे, "तिकडे चालेल म्हणाले," आणि तिकडे सांगे, "इकडे चालेल म्हणाले." ती लबाड नव्हती. आजाराला जिथे फट सापडते तिथून तो निसटतो, एवढेच.

पुढे जिल्ह्याच्या शहरात तिला दुसरीकडे नेले. तिथे मी आईबरोबर दोन-तीनदा गेले. नाडी फार मंद चालत होती म्हणून आधी काही दिवस खाटेवर ठेवले. रोज रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, आणि अन्न थोडे थोडे वाढवीत नेले. त्यानंतरची गोष्ट मला मुख्य वाटते. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दोघांत मिळून एकच वही ठेवली होती. जे ठरे ते तीत लिहिले जाई, मुलीसमोर वाचले जाई, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारल्यावाचून एक ओळ बदलीत नसे. तीन जेवणे आणि मधली दोन खाणी, भूक लागो वा न लागो, ठरल्या वेळी. आईने विचारले, "भूकच नाही तर कसं खायचं?" तेव्हा बाई म्हणाल्या, "तिच्या भुकेचं घड्याळ बिघडलंय हो. तोवर भिंतीवरचं घड्याळ बघून जेवायचं."

एक लहान प्रसंग सांगते. वरणभातावर एक चमचा तूप असे वहीत होते. तुपाकडे पाहून ती थरथरू लागली. एकट्या आहारतज्ज्ञ बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "खायलाच हवे." एकटे डॉक्टर असते तर म्हणाले असते, "राहू दे, आज याविषयी बोलू." दोघे एकत्र होते म्हणून तिसरीच गोष्ट झाली. तूप ताटातच राहिले. पण ते कोणी वाढायचे, शेजारी कोणी बसायचे, हे तिने ठरवले. खाण्याआधी आपल्याला काय होईल अशी भीती वाटते ते तिने वहीत लिहिले, आणि आठवड्याने खरोखर काय झाले ते त्याच्यापुढे लिहिले. पुढच्या खेपेला दोघांनी ते तिच्याबरोबर वाचले. बाईंनी तुपाचे शरीरात काय होते ते सांगितले, डॉक्टरांनी भीतीचे काय होते ते विचारले. एकाच चमचाभर तुपाची ही दोन्ही कामे होती, आणि ती एका वेळीच व्हायला हवी होती.

घरच्यांना त्यांनी बाहेर बसवले नाही. गलचा तर्क आता मागे पडला आहे. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात आईबापांनाच उपचारात सामील करून घेण्याची पद्धत तयार झाली. फार दिवसांचा आजार नसलेल्या लहान वयाच्या रोग्यांना एकट्याशी बोलण्याच्या उपचारापेक्षा तिचा अधिक उपयोग होतो, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात दिसून आले. तीत कुटुंब डबा घेऊन येते आणि उपचार करणाऱ्यासमोर जेवायला बसते. या मुलीच्या घरचेही तसे बसले. आई "एवढंच खा ग" म्हणून विनवू लागली, वडिलांनी डोळे मोठे केले. डॉक्टर हलकेच म्हणाले, "दोघांनी आधी एकमेकांत ठरवा. मग एकच वाक्य, एकाच आवाजात."

आजी त्या दिवशी कोपऱ्यात होती. डॉक्टरांनी उपासमारीने मन कसे पालटते ते सांगितले, तेव्हा ती एकदम बोलली, "खरं हाय. बहात्तर सरलं, घरात धान्य आलं, तरी चार वर्सं मी उशाखाली भाकरी घेऊन निजायची. मालक हसायचे. पोट रिकामं राहिलं की डोकं आपलं राहत न्हाई." मग नातीकडे वळून म्हणाली, "मी तुला माज म्हनले ग." एवढे बोलून ती नातीच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवसापासून दुपारचे खाणे आजीबरोबर, असे वहीत लिहिले गेले.

पहिले काही महिने ताट आईबापांनी वाढायचे. वजन सावरू लागले की एकेक गोष्ट मुलीच्या हाती परत द्यायची, आधी मधले खाणे, मग शाळेचा डबा, मग सगळेच. प्रौढ रोग्यांत हे असे करता येत नाही. तिथे स्वतःच्या संमतीनेच पाऊल टाकावे लागते. पण ठरल्या वेळी खाणे आणि त्या खाण्याभोवतीची भीती उकलणे, ही जोडी तिथेही सुटत नाही.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा की नाही? प्राणावर बेतले असता घालायचा. पण माप ठाऊक असलेल्याला विचारून घालायचा, ज्याचे ताट आहे त्याला सांगून घालायचा, आणि तो हात पुढे काढून घ्यायचा आहे हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवून घालायचा. सक्तीला आपली सत्ता टिकवायची असते. उपचारातल्या आग्रहालाही उपवासासारखे पारणे असते. ज्या दिवशी मुलगी स्वतःच्या हाताने वाढून घेते, त्या दिवशी तो संपतो.

माझ्या वाट्याचे काय? मी डॉक्टरांना विचारले, "हे माझ्या बोलण्यामुळे झालं का?" ते म्हणाले, "एका वाक्यानं हा आजार होत नाही. रक्तातून काही येतं, स्वभावातून काही, भोवतालातून काही. पण जमीन तयार असेल तर वाक्य रुजतं." त्यांनी मला सोडलेही नाही आणि झोडलेही नाही. मी त्या मुलीची माफी मागितली. पट्ट्याची गोष्ट काढली, तेव्हा ती म्हणाली, "ते मी विसरले होते, बाई. चित्रासारखी म्हणालात, ते लक्षात आहे." मी थट्टेबद्दल झुरत होते, आणि तिला लागले होते ते माझे कौतुक. आपण दुसऱ्याच्या अंगावर बोलतो, तेव्हा निंदा आणि स्तुती यांत आपल्याला वाटते तेवढे अंतर नसते.

ती आता कॉलेजात आहे. मध्ये एकदा आजार उलटला होता. तेव्हा तीच आईला म्हणाली, "वही काढ." पूर्ण बरी झाली, असे मी म्हणणार नाही. पण ती आपणहून मदत मागू शकते, हे मला थोडे वाटत नाही.

वाचकहो, तुमच्याही घरी या दिवसांत नातेवाईक जमतील. दार उघडताच "किती वाळलीस" किंवा "सुटलास की रे" असे म्हणण्याची आपली रीत आहे. यंदा ते वाक्य गिळून पाहा. हा आजार केवळ वाळलेल्या मुलींचा नाही. तो मुलग्यांना होतो, भरल्या अंगाच्या माणसांनाही होतो. भराभर खाऊन मग पस्तावणारेही त्यात असतात, आणि लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली त्या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले. मनाच्या आजारांत जीव घेणाऱ्यांमध्ये हे दुखणे वरच्या रांगेत बसते. घरात कोणी असे सापडले, तर शपथ घालू नका आणि वाटही पाहत बसू नका. आधी डॉक्टरांकडे जा, आणि मनाचे आणि अन्नाचे उपचार करणारे एकमेकांशी बोलतात की नाही, हे धीटपणे विचारा. कुठे जावे हे सुचेना, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ सालापासून आहे.

गेल्या दिवाळीत ती मुलगी माझ्याकडे आली होती. मी फराळाचे ताट पुढे ठेवले आणि सवयीने "घे ना ग, एवढी माझ्याकडून" हे वडिलांचे वाक्य अगदी ओठांवर आले. मी ते बोलले नाही. तिच्या कॉलेजातल्या चित्रांविषयी विचारू लागले. बोलता बोलता तिने काय घेतले आणि किती घेतले, ते मी पाहिले नाही. ती गेल्यावर ताट आत नेतानाही मी करंज्या मोजल्या नाहीत.